तिकीट कंपनीचं, माइल्स कुणाचे?

बिझनेस क्लासच्या माइल्सचे नियम बदललेत, जीएसटीही वाढलाय. सीमाभागातल्या निर्यातदारांनी हिशेब नव्यानं मांडायची वेळ

बेळगाव : उद्यमबाग, मच्छे, हत्तरगी ते थेट कोल्हापूर, इचलकरंजीपर्यंतच्या पट्ट्यातून वर्षभर कुणी ना कुणी परदेशी निघालेला असतो. हायड्रॉलिक्सवाले जर्मनीला, फौंड्रीवाले युरोप-अमेरिकेला. एप्रिलमधलं हॅनोव्हरचं औद्योगिक प्रदर्शन आलं की तिकिटांची धावपळ सुरू होते. पूर्वी मालक स्वतः इकॉनॉमीत बसून जायचे. आता वय, पाठदुखी आणि उतरल्या उतरल्या मीटिंग यामुळे बिझनेस क्लासची तिकिटं काढणाऱ्या मध्यम कंपन्याही वाढल्यात. तिकीट दीड लाखाचं असो की चार लाखांचं, एजंटाचा प्रश्न ठरलेला, "साहेब, फ्रिक्वेंट फ्लायर नंबर कुठला घालू?"

हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. गेल्या दहा वर्षांत विमान कंपन्यांनी माइल्स देण्याची पद्धतच बदलली आहे. त्यात भर म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमी सोडून बाकी सगळ्या वर्गांच्या तिकिटांवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला. त्यामुळे महाग तिकिटावर जास्तीत जास्त फायदा कसा घ्यायचा, आणि तो फायदा नेमका कुणाच्या खिशात जातो, हे दोन्ही प्रश्न एकत्रच बघावे लागतात.

अंतर गेलं, रुपये आले

अमेरिकन एअरलाइन्सनं १९८१ च्या मे महिन्यात ॲडव्हांटेज ही योजना सुरू केली, तेव्हा हिशेब सरळ होता. जितके मैल उडाल, तितके माइल्स खात्यात. बिझनेस क्लास असेल तर वर थोडा बोनस. म्हणून तर नाव 'माइल्स' पडलं. आज नाव तेच आहे, पण बऱ्याच योजनांत मैलांचा त्याच्याशी संबंध उरलेला नाही.

डेल्टा आणि युनायटेड या अमेरिकी कंपन्यांनी २०१५ मध्ये आणि अमेरिकन एअरलाइन्सनं २०१६ मध्ये अंतराऐवजी भाड्याच्या रकमेवर माइल्स द्यायला सुरुवात केली. त्या वेळी साध्या सभासदाला एका डॉलरमागे ५ आणि सगळ्यात वरच्या दर्जाच्या सभासदाला ११ असा दर होता. लुफ्थान्साची माइल्स अँड मोअर आणि एअर फ्रान्स-केएलएमची फ्लाइंग ब्लू या योजना २०१८ मध्ये त्याच वाटेनं गेल्या. ब्रिटिश एअरवेजनं २०२३ च्या ऑक्टोबरपासून एव्हिओस पॉइंट खर्चावर द्यायला सुरुवात केली आणि १ एप्रिल २०२५ पासून सभासदाचा दर्जाही खर्चावरच ठरायला लागला. तिथं गोल्ड दर्जासाठी आता वर्षाला २०,००० टियर पॉइंट लागतात, आणि मुळात एका पौंडाला एक पॉइंट असा हिशेब आहे.

आपल्याकडे एअर इंडियानं एप्रिल २०२४ मध्ये फ्लाइंग रिटर्न्स योजना खर्चावर आधारित केली. पुढं तिचं नाव महाराजा क्लब झालं. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा तिच्या सभासदांचे पॉइंटही याच खात्यात आले.

हा बदल का झाला ते समजायला फार डोकं लागत नाही. स्वस्त तिकिटावर लांब उडणाऱ्याला जास्त आणि महाग तिकिटावर जवळ उडणाऱ्याला कमी, हे कुठल्याच धंद्याला परवडत नाही. आता महाग तिकीट घेणारा हाच या योजनांचा लाडका सभासद आहे. आणि महाग तिकीट घेणारा बहुतेक वेळा स्वतःच्या पैशानं घेत नाही, कंपनीच्या पैशानं घेतो.

नंबर कुठला घालायचा?

इथंच थोडं गणित कामी येतं. एकाच उड्डाणाचे माइल्स वेगवेगळ्या योजनांत घेता येतात, फक्त एका वेळी एकाच योजनेत. लुफ्थान्सा, एअर इंडिया, सिंगापूर एअरलाइन्स या तिन्ही कंपन्या स्टार अलायन्समध्ये आहेत. म्हणजे लुफ्थान्साच्या फ्रँकफर्ट विमानात बसून माइल्स माइल्स अँड मोअरमध्ये घ्यायचे, महाराजा क्लबमध्ये, की सिंगापूरच्या क्रिसफ्लायरमध्ये, हे प्रवाशानं ठरवायचं.

कंपनी स्वतःच्या विमानाला स्वतःच्या योजनेत खर्चावर पॉइंट देते. पण दुसऱ्या कंपनीच्या विमानासाठी बऱ्याच योजनांत अजून जुनाच तक्ता चालतो, म्हणजे अंतर गुणिले बुकिंग क्लासची टक्केवारी. सिंगापूर एअरलाइन्ससारख्या काही कंपन्या तर स्वतःच्या विमानांनाही अंतर आणि भाड्याचा प्रकार बघूनच माइल्स देतात.

उदाहरण घेऊ. मुंबई ते फ्रँकफर्ट अंतर सुमारे ४,१०० मैल, जाऊन-येऊन ८,२००. समजा एक योजना शंभर रुपये भाड्याला ६ पॉइंट देते आणि दुसरी अंतराच्या १५० टक्के देते. दुसरीत मिळणार १२,३००, तिकीट कितीचंही असो. पहिलीत तेवढेच पॉइंट मिळवायला भाडं २ लाख ५ हजार असावं लागतं. म्हणजे तिकीट चार लाखांचं असेल तर खर्चावरची योजना २४,००० देऊन पुढं जाते. ऑफरमध्ये दीड लाखाला मिळालं असेल तर तीच योजना ९,००० वर थांबते आणि अंतरावरची योजना बरी पडते.

थोडक्यात, पूर्ण भाड्याचं तिकीट असेल तर त्याच कंपनीच्या योजनेत आणि सवलतीचं असेल तर भागीदार कंपनीच्या योजनेत, हा पहिला अंदाज. पण तो अंदाजच. एका योजनेचा पॉइंट दुसरीच्या पॉइंटइतक्याच किमतीचा नसतो, ते पुढं बघू.

तीन गोष्टी इथं लोकांना फसवतात.

पहिली, बुकिंग क्लासचं अक्षर. तिकिटावर जे, सी, डी, झेड, पी अशी अक्षरं असतात. सीट तीच, जेवण तेच, झोपायची सोय तीच. पण भागीदार योजनेच्या तक्त्यात पूर्ण भाड्याचं जे आणि सवलतीचं पी यांच्या टक्केवारीत मोठा फरक असतो. पैसे भरण्याआधी एजंटाला अक्षर विचारून घ्यायचं आणि ज्या योजनेत माइल्स घ्यायचे तिचा तक्ता बघायचा, हे दहा मिनिटांचं काम आहे.

दुसरी, तिकिटाची सगळी रक्कम माइल्ससाठी धरत नाहीत. साधारणपणे मूळ भाडं आणि कंपनीनं लावलेला अधिभार धरला जातो. विमानतळ शुल्क, जीएसटी आणि परदेशातले कर धरले जात नाहीत. त्यामुळे तीन लाखांच्या बिलावर तीन लाखांचे पॉइंट येत नाहीत.

तिसरी, विमान कुणाचं आणि तिकिटावर नंबर कुणाचा. एका कंपनीचं तिकीट आणि प्रत्यक्षात विमान दुसरीचं, असं कोडशेअरमध्ये सर्रास असतं. सांबऱ्याहून आंतरराष्ट्रीय विमान नाही. आपला प्रवास मुंबई, बेंगळुरू किंवा हैदराबादमार्गे होतो, नाहीतर घाट उतरून मोप्याला जाऊन कतार एअरवेजनं दोह्याला. अशा जोडप्रवासात प्रत्येक टप्प्याचे माइल्स कुणाच्या नियमानं मिळणार हे वेगळं तपासावं लागतं. सगळे टप्पे एकाच तिकिटावर असले तर पहिलं विमान उशिरा आल्यावर पुढची सोय करण्याची जबाबदारीही विमान कंपनीवर राहते. ते माइल्सपेक्षा मोलाचं आहे.

याशिवाय नंबर घालायला विसरलात तरी माइल्स मागून मागता येतात, पण त्याला मुदत असते. माइल्स अँड मोअर आणि क्रिसफ्लायरमध्ये ती सहा महिन्यांची आहे. बोर्डिंग पास फेकून देऊ नका.

पॉइंटची किंमत किती?

माइल्सचा आकडा मोठा दिसतो म्हणून माणूस खूश होतो. वाणिज्य शिकलेल्या माणसानं मात्र एकच विचारावं, एका पॉइंटला किती पैसे?

काढायची रीत सोपी आहे. समजा एक तिकीट रोख घेतलं तर ९,००० रुपये. तेच पॉइंटवर घेतलं तर १२,५०० पॉइंट आणि वर १,५०० रुपये कर. म्हणजे ७,५०० रुपये वाचले, भागिले १२,५००, एका पॉइंटला ६० पैसे. हाच हिशेब आपल्या योजनेत, आपल्याला खरंच जायच्या मार्गावर करून बघायचा. मिक्सर, व्हाउचर असल्या वस्तूंवर पॉइंट उडवले तर किंमत सगळ्यात कमी येते. लांबच्या प्रवासात बिझनेस क्लासचं तिकीट किंवा अपग्रेड घेतलं तर ती सहसा जास्त येते, पण तशा सीट मोजक्याच सोडतात.

हे ६० पैसे पुढच्या वर्षी ६० राहतीलच असंही नाही. लुफ्थान्सा समूहानं जून २०२५ पासून स्वतःच्या विमानांच्या बक्षीस तिकिटांसाठीचा ठरलेला तक्ता बंद करून मागणीनुसार बदलणारे दर आणले. म्हणजे मिळकतही कंपनी ठरवणार आणि खर्चाचा भावही कंपनीच. बँकांच्या कार्डांचंही तसंच. ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डाचे लाभ सप्टेंबर २०२३ पासून कापले गेले, तेव्हा त्या भरवशावर बसलेले पुष्कळ जण हळहळले.

आणि कंपनीच बुडाली तर? किंगफिशर २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये जमिनीवर आली आणि किंग क्लबचे पॉइंट कागदावरच राहिले. जेट एअरवेजची विमानं १७ एप्रिल २०१९ ला थांबली. तिची जेटप्रिव्हिलेज योजना मात्र वेगळ्या कंपनीत असल्यामुळे वाचली आणि पुढं इंटरमाइल्स नावानं चालली. दोन्हीकडून धडा एकच, माइल्स ही ठेव नव्हे. त्यावर व्याज नाही, विमा नाही. क्रिसफ्लायरसारख्या योजनेत तर तीन वर्षांनी ते आपोआप संपतात. साठवून मुलीच्या लग्नानंतरच्या सहलीला वापरू म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

विमान कंपन्यांच्या दृष्टीनं मात्र या योजना सोन्याची खाण आहेत. त्या बँकांना माइल्स विकतात आणि बँका ते कार्डधारकांना वाटतात. कोविडच्या काळात विमानं उभी असताना युनायटेडनं २०२० मध्ये मायलेजप्लस योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. डेल्टानं त्याच वर्षी स्कायमाइल्सवर ९ अब्ज डॉलर उभे केले.

मोठी रक्कम दुसरीकडेच

आता खरा मुद्दा. मूळ भाडं अडीच लाखांचं तिकीट धरू. शंभराला ६ या दरानं १५,००० पॉइंट, ६० पैशांनी ९,००० रुपये. याच तिकिटावर १८ टक्क्यांनी जीएसटी होतो ४५,००० रुपये. आधी तो ३०,००० असायचा.

प्रवास धंद्यासाठी असेल आणि कंपनी जीएसटीत नोंदलेली असेल तर या ४५,००० चं इनपुट क्रेडिट मिळू शकतं. एलयूटीवर निर्यात करणाऱ्यांना न वापरलेल्या क्रेडिटचा परतावाही मागता येतो. म्हणजे ९,००० रुपयांच्या माइल्ससाठी तासभर चर्चा करायची आणि ४५,००० च्या क्रेडिटकडे बघायचंच नाही, असा प्रकार व्हायला नको.

क्रेडिट सुटतं ते साध्या कारणांनी. तिकीट काढताना कंपनीचा जीएसटी नंबर आणि नाव दिलेलं नसतं. एजंटाचं बिल हेच जीएसटी बिल समजून फाइल केलं जातं. एजंटाचं बिल त्याच्या सेवाशुल्कापुरतं असतं, भाड्यावरचं बिल विमान कंपनीकडून वेगळं येतं. ते बिल जीएसटीआर-२बी मध्ये दिसलं नाही तर क्रेडिट अडकतं. शिवाय हे क्रेडिट धंद्याच्या प्रवासापुरतंच. सोबत घरची मंडळी फिरायला आली असतील तर त्यांच्या तिकिटाचं घेता येत नाही. प्रत्येक प्रवासानंतर आपल्या सीएंना २बी तपासायला सांगणं एवढंच करायचं आहे.

तिकीट निवडतो कोण, पैसे भरतो कोण?

याहून नाजूक भाग पुढं आहे. समजा दोन तिकिटं समोर आहेत. एक अडीच लाखांचं, अधिकाऱ्याच्या आवडत्या कंपनीचं. दुसरं दोन लाख दहा हजारांचं, जिथं त्याचं खातं नाही. पहिलं घेतलं तर अधिकाऱ्याला ९,००० रुपयांचे पॉइंट आणि कंपनीला ४०,००० चा जादा खर्च. अधिकारी बेइमान असायची गरज नाही. वेळ सोयीची आहे, सर्व्हिस चांगली आहे, अशी कारणं आपोआप सुचतात. माइल्स योजनांचा सगळा डोलारा याच गोष्टीवर उभा आहे की निवडणारा एक आणि भरणारा दुसरा.

बहुतेक योजनांच्या नियमांत माइल्स प्रवाशाचे असतात, पैसे कुणीही भरले तरी. म्हणून सरकारांनी आपापले नियम केलेत. भारत सरकारच्या सूचनांप्रमाणे सरकारी प्रवासावर मिळालेले माइल्स पुढच्या सरकारी प्रवासासाठीच वापरायचे असतात. खासगी प्रवासाला वापरले तर खातेनिहाय कारवाई होऊ शकते. अमेरिकेनं २००१ च्या अखेरीस उलटा निर्णय घेऊन संघीय कर्मचाऱ्यांना असे माइल्स स्वतःसाठी वापरायची मुभा दिली. जर्मनीत २००२ च्या जुलैमध्ये याच कारणावरून राजकारण पेटलं. खासदार म्हणून मिळालेले माइल्स खासगी प्रवासाला वापरल्याचं उघड झाल्यावर ग्रीन पक्षाचे केम ओझदेमिर यांनी पक्षाच्या संसदीय गटातलं पद सोडलं आणि बर्लिन राज्याचे मंत्री ग्रेगोर गिझी यांनी राजीनामा दिला. रक्कम मोठी नव्हती, प्रश्न तत्त्वाचा होता.

आपल्याकडच्या खासगी कंपन्यांत, त्यातही भावाभावांच्या भागीदारीत, यावर कुणी बोलत नाही. धाकटा भाऊ वर्षाला सहा वेळा जर्मनीला जातो, थोरला कारखाना सांभाळतो. धाकट्याच्या खात्यात लाखभर माइल्स जमतात आणि त्यावर त्याचं कुटुंब सिंगापूर फिरून येतं. वहीत कुठं नोंद नाही. शिवाय तिकीट वैयक्तिक क्रेडिट कार्डावर काढून नंतर कंपनीकडून पैसे घेतले की कार्डाचे पॉइंट वेगळे. हे गैर आहे असं नाही, पण आधी ठरलेलं नसलं की वाटणीच्या वेळी हाच विषय नको तिथं निघतो.

मधला मार्ग आहे. एमिरेट्सची बिझनेस रिवॉर्ड्स, सिंगापूर एअरलाइन्सची हायफ्लायर, कतार एअरवेजची बियॉन्ड बिझनेस या योजना लहान-मध्यम कंपन्यांसाठीच आहेत. त्यात प्रवाशाला त्याचे माइल्स मिळतातच आणि कंपनीच्या खात्यात वेगळे पॉइंट जमा होतात. कंपनीच्या पॉइंटवर पुढचं तिकीट काढता येतं. वर्षाला आठ-दहा तिकिटं काढणाऱ्या कारखान्यानं यात नोंदणी न करणं म्हणजे हक्काची सूट सोडणं.

एक गोष्ट मात्र टाळावी. माइल्स विकत घेतो म्हणणारे दलाल सोशल मीडियावर भेटतात. योजनांच्या नियमांत अशी विक्री बसत नाही; सापडलं तर खातं बंद आणि काढलेलं तिकीटही रद्द होऊ शकतं. कोर्टात जाऊन फार हाती लागेल असंही नाही. एका सभासदाचं खातं बंद केल्याच्या प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये विमान कंपनीच्या बाजूनं एकमतानं निकाल दिला होता.

एका पानाचा नियम पुरे

यातून क्रम स्पष्ट होतो. आधी कंपनीच्या नावानं जीएसटी बिल. मग दोन-तीन कंपन्यांच्या भाड्याची तुलना, कर सोडून. वेळ आणि जोडविमान बघून तिकीट ठरवायचं. तिकीट ठरल्यावरच माइल्स कुठं घ्यायचे हे बघायचं. माइल्स बघून तिकीट ठरवायचं नाही. दोन तिकिटांच्या भाड्यातला फरक माइल्सच्या रुपयातल्या किमतीपेक्षा जास्त असेल तर विषय संपला.

यासाठी कंपनीत एका पानाचा नियम लिहून ठेवावा. बिझनेस क्लास कुणाला आणि किती तासांच्या प्रवासाला, स्वस्त पर्यायापेक्षा किती टक्के जास्तीपर्यंत मुभा, माइल्स प्रवाशाचे की कंपनीच्या पुढच्या प्रवासासाठी, तिकीट कुणाच्या कार्डावर. भागीदारी असेल तर सगळ्या भागीदारांच्या सह्या. लांबचा प्रवास करून, घरदार सोडून धंदा आणणाऱ्याला माइल्स ठेवू द्यायला बहुतेक जण राजी होतील. फक्त ते राजीखुशीनं आणि सगळ्यांना माहीत असताना झालेलं बरं.